बडोद्याचे वाडे आणि बागा : उन्हाळ्यातील तीन सकाळी

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या पूजेची पत्री आणायला आम्ही चौघे खंडेराव मार्केटात गेलो. दूर्वा मिळाल्या, जास्वंद मिळाली, केवडाही मिळाला. ‘एकवीस पत्री’ म्हणून घेतलेली जुडी कार्यालयात आणून सोडली, तर तिच्यात जेमतेम सात प्रकारची पाने निघाली. शमी नव्हती, माका नव्हता, डोरली आणि विष्णुक्रांता तर नव्हतीच. आमच्या मंडळातील नव्वदीच्या घरातील एक आजी तिथे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, आमच्या दांडिया बझारच्या वाड्यात हे सगळं परसात होतं. देवदार तेवढा काष्ठौषधीच्या दुकानातून आणायचा.”

आजींच्या त्या एका वाक्यातून यंदाची सहल निघाली. मंडळात आठ-दहा बागवेड्या माणसांचा एक गट आहे. कुंड्यांची, कलमांची, गांडूळखताची देवाणघेवाण हे त्याचे नित्याचे काम. या गटाने ठरवले, की मे महिन्यातल्या तीन रविवारी सकाळी साडेसहाला निघायचे, बडोद्यातील जुनी घरे आणि जुन्या बागा पाहायच्या आणि ऊन डोक्यावर यायच्या आत घरी परतायचे. घरांबद्दल पुष्कळ लिहिलेले आहे. आम्हाला पाहायचे होते ते घरांभोवती काय उगवत होते आणि आता त्यातले काय उरले आहे.

अशी सहल काढणारे आपण पहिलेच नव्हे. गटातील एका काकूंची लेक अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहते. तिथल्या उद्यानमंडळाने १९२७ साली एक पुष्पप्रदर्शन भरवले होते. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलो येथील घराभोवतालची जुनी झाडे वाचवण्यासाठी त्यातून पैसा उभा केला. पुढे १९२९ पासून दर वर्षी एक आठवडा जुनी घरे आणि त्यांच्या बागा लोकांना तिकीट लावून दाखवायला सुरुवात झाली. तिकिटाचे पैसे जुन्या बागा पूर्ववत करण्याच्या कामी लागतात. इंग्लंडातही १९२७ सालीच खाजगी बागा एका शिलिंगात पाहायला खुल्या झाल्या. तो पैसा घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी होता. काकूंनी हे सांगितले तेव्हा कोणीतरी विचारले, “आपल्याकडे तिकीट कशाचं लावणार? बाग उरलीय कुठं?” प्रश्न रास्त होता, पण पूर्ण खरा नव्हता.

आपल्या गावाचे नावच मुळी झाडावरून आले आहे. इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ‘वटपद्रक’ नावाचे गाव एका ब्राह्मणाला दान दिल्याची नोंद आहे. त्या वेळी मोठे गाव होते ते शेजारचे अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा. वडाच्या झाडांतले हे लहानसे वटपद्रक पुढे वाढून बडोदे झाले आणि अकोटा त्याचे उपनगर झाले. बाराशे वर्षांत धाकट्याने थोरल्याला पोटात घेतले म्हणायचे. गायकवाडांच्या काळात आपले पूर्वज इथे आले. कोणी शिलेदार म्हणून, कोणी कारकून, कोणी भिक्षुक, कोणी गवई. येताना त्यांनी तुळशीवृंदावन आणले आणि परसाची कल्पनाही आणली.

पहिल्या रविवारी आम्ही तांबेकर वाड्यात गेलो. विठ्ठल खंडेराव उर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भिंतींवरची चित्रे पाहायला लोक लांबून येतात. कृष्णचरित्र आहे, महाभारत आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाई आहे, गोऱ्या मडमाही आहेत. चित्रे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत, म्हणून त्यांच्याविषयी इथे थांबत नाही. नीट पाहिले तर या भिंतींवर वेली, झाडे, फुले खच्चून भरलेली आहेत. वाड्याच्या आत राहणाऱ्यांना हिरवाई डोळ्यांसमोर हवी होती हे उघड आहे. दाट वस्तीत जमीन कमी, मग भिंतीवर तरी.

जुन्या मराठी वाड्याची बाग म्हणजे हिरवळ आणि कारंजे नव्हे. पुढच्या चौकात वृंदावन, मागच्या चौकात विहीर, विहिरीच्या कडेला धुण्याचा दगड आणि त्याच्या पलीकडे परसू. घरातले सगळे सांडपाणी या परसात जायचे. भांडी घासलेले, तांदूळ धुतलेले, आंघोळीचे. त्यावर केळ, अळू, कर्दळ वाढायची. अळू गौरीच्या जेवणाला, केळीची पाने वाढायला, फुले देवाला. भिंतीशी पारिजातक किंवा बकुळ, दाराशी कण्हेर आणि जाई, जागा मोठी असेल तर डाळिंब आणि बेल. या बागेला माळी नसे. तिची देखभाल घरातल्या बायका करीत आणि तिची नोंद कुठल्याही दप्तरात होत नसे. वाड्याच्या खरेदीखतात खण मोजलेले असतात, चौक मोजलेले असतात, विहिरीतला हिस्सासुद्धा लिहिलेला असतो. बकुळीचा उल्लेख मात्र नसतो.

पत्रीची यादी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा आणि अगस्ती म्हणजे हादगा. यांतली जेमतेम निम्मी झाडे कोणी मुद्दाम लावतो. आघाडा, माका, धोत्रा, रुई, डोरली, विष्णुक्रांता ही सारी आपणहून येणारी, ज्यांना आपण तण म्हणतो ती. माक्याला ओल हवी, म्हणून तो विहिरीच्या पन्हळीशी यायचा. आघाडा पडक्या भिंतीच्या कडेला, रुई आणि धोत्रा कोरड्या मोकळ्या जागेत. ज्यांनी ही यादी केली त्यांना भाद्रपदात घराच्या शंभर पावलांच्या आत काय सापडते हे पक्के ठाऊक असले पाहिजे. देवदाराचा अपवाद सोडला तर ही राजाची बाग नाही, गरिबाच्याही दाराशी मिळणारी पाने आहेत. आज ती मिळत नाहीत याचे कारण महागाई नव्हे. अंगणात फरशी आणि सिमेंटचे ठोकळे बसवले की सर्वांत आधी हीच झाडे जातात.

दुसऱ्या रविवारी कमाटीबाग. काळ्या घोड्यापाशी, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, सगळे जमलो. बाग १८७९ साली लोकांसाठी खुली झाली. त्या वेळी महाराज अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. माधवराव म्हणजे तंजावरकडच्या मराठी देशस्थ घराण्यातले, कुंभकोणमचे. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरी करून ते १८७५ साली इथे आले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या एका मराठी माणसाने दुसऱ्या तशाच मराठी वस्तीचा कारभार हाती घेतला, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. मल्हारराव महाराजांच्या पदच्युतीनंतर विस्कटलेले राज्य सावरण्याच्या धामधुमीत विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर शंभर एकरांहून मोठी जागा सार्वजनिक बागेसाठी राखली गेली. राजाच्या बागेत प्रजेला सणावारी सोडायचे हे पूर्वीही होते. ही बाग मात्र पहिल्या दिवसापासून रयतेची.

पुढे इथेच संग्रहालयाची इमारत उठली आणि १८९४ साली पूर्ण झाली. आपण लहानपणी देवमाशाचा सांगाडा पाहायला जात होतो ती हीच. पण त्या सकाळी आम्ही इमारतीत गेलो नाही. झाडे पाहत नदीपर्यंत चालत गेलो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री बागेत शिरली होती. मोठे वृक्ष मात्र शांतपणे उभे होते. त्यांनी असे पूर पुष्कळ पाहिले असणार. नदीच्या उतारावर एका म्हाताऱ्या अर्जुनाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पुलावरून खाली पाहिले तर एक मगर काठावर ऊन खात पडली होती. बडोदेकराला याचे नवल वाटत नाही. पाहुण्यांना वाटते.

तिथल्या एका बाकावर बसून आमच्यातील निवृत्त प्राध्यापकांनी एक गोष्ट सांगितली. ती बहुतेकांना नवी होती. १९०९ साली बडोद्याला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे पेशाने लष्करी शल्यवैद्य आणि वृत्तीने वनस्पतिशास्त्रज्ञ. बामनदास बसू यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा ग्रंथ कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि औषधी वनस्पतींवर काम करणारे आजही तो उघडतात. आघाडा, माका, डोरली, रुई ही आपल्या परसातली मंडळी अशा ग्रंथांत शास्त्रीय नावांनी मानाने बसलेली असतात. झाडे ओळखणारा माणूस मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो आणि तोही आपल्या गावात, याचा आम्हाला त्या बाकावर फार अभिमान वाटला. प्राध्यापकांनी मग परीक्षाच घेतली. समोरच्या पाच झाडांची नावे सांगा म्हणाले. तिघांच्यावर कोणाची मजल गेली नाही. मी त्या तिघांत नव्हतो.

बागेला पाणी लागते आणि बडोद्याला नर्मदेसारखी मोठी नदी जवळ नाही. विहिरी आणि तलाव यांवर गाव जगत होते. शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर आजव्याला मातीचे लांब धरण बांधून सयाजी सरोवर तयार झाले आणि १८९२ साली त्याचे पाणी नळाने शहरात आले. माझ्या मते बडोद्याच्या बागांच्या इतिहासात सर्वांत मोठी तारीख हीच. राजवाड्यांच्या हिरवळी त्याशिवाय टिकल्या नसत्या आणि सार्वजनिक बागही एवढी बहरली नसती. पण नळ आल्यावर वाड्यांमधल्या विहिरींचे महत्त्वही त्याच वेळेपासून ओसरू लागले. विहीर बंद झाली, पन्हळ गेली, पन्हळीबरोबर माका गेला. हे एका दिवसात झाले नाही. तीन पिढ्या लागल्या.

तिसरा रविवार लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी ठेवला होता. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केला. ते १८८१ साली वारले आणि मद्रासेत नाव कमावलेल्या रॉबर्ट चिझम यांनी १८९० साली काम पूर्ण केले. हे सगळे मार्गदर्शक सांगतोच. तो सहसा सांगत नाही ते असे, की भोवतालची बाग विल्यम गोल्डरिंग या इंग्रजाने आखली. हा गृहस्थ लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती-उद्यानात काम केलेला. मकरपुऱ्याच्या राजवाड्याची बागही त्याचीच. मकरपुरा हा खंडेराव महाराजांच्या काळचा, इटालियन धर्तीचा उन्हाळी राजवाडा. आता तिथे वायुदलाची प्रशिक्षण शाळा आहे, म्हणून तो सहलीत घेता आला नाही.

क्यूहून आलेला दुसरा माणूस गुस्ताव हर्मन क्रुंबिगेल. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला हा जर्मन माळी १८९३ साली बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाला आणि पंधरा वर्षे इथल्या बागा पाहून १९०८ साली म्हैसूर संस्थानात गेला. बंगलोरचे लालबाग त्याने सांभाळले. एका जातीच्या झाडांचा बहर संपतो तोवर दुसऱ्या जातीचा यावा अशा हिशेबाने तिथल्या रस्त्यांवर झाडे लावली. बंगलोरला ‘उद्यानांचे शहर’ म्हणून जे कौतुक मिळते त्यात बडोद्याच्या मातीत काढलेली पंधरा वर्षे जमेला धरायला हवीत. म्हैसूरजवळच्या वृंदावन बागेच्या आखणीशीही त्याचे नाव जोडलेले आहे. गंमत म्हणजे आपल्या आजव्याची कारंज्यांची बाग पुढे त्याच वृंदावनाच्या धर्तीवर केली. बडोद्याने दिलेली वस्तू म्हैसूरहून परत आली म्हणा ना!

राजवाड्याच्या आवारातच नवलखी वाव आहे. ही पायऱ्यांची विहीर १४०५ सालची, म्हणजे राजवाड्याहून जवळजवळ पाचशे वर्षांनी थोरली. वरती चाळीसच्या पुढचे ऊन आणि खाली थेट गारवा. विहिरीच्या काठावरून खाली पाहत आमच्या आजी म्हणाल्या, “हे खरं बांधकाम. राजवाडा काय, नुसता पाहायचा.” बाहेरची हिरवळ आता बरीचशी गोल्फच्या मैदानात गेली आहे. मोतीबागेत क्रिकेट आहे. विजय हजाऱ्यांच्या गावात क्रिकेटबद्दल तक्रार करण्याची माझी हिंमत नाही.

एक गोष्ट मात्र राजवाड्यापाशी बोलावीशी वाटली आणि बोललो. क्यूचा माळी इथे काम करत होता त्याच काळात छप्पनियाचा दुष्काळ आला. १८९९-१९०० सालचा. बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत चोवीस लाखांच्या वर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. साथीचे रोग त्यात होते, स्थलांतर होते, पण भूक सर्वांत मोठी. सयाजीराव महाराजांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे आणि दुष्काळी कामे त्यांनी काढली, हेही खरे. तरी या हिरवळीवर उभे राहून नुसते कौतुक करून परतणे मला जमले नाही. गटातील दोघांना माझे हे बोलणे आवडले नाही. परतीच्या वाटेवर रिक्षात त्यावर चांगलीच चर्चा रंगली आणि रावपुऱ्यात गरम पोह्यांवर ती मिटली.

कार्यक्रमपत्रिकेत सहल इथे संपत होती. पण आजींनी धरून ठेवले, की आमचा वाडा पाहिल्याशिवाय घरी जायचे नाही. वाडा त्यांच्या माहेरचा. भाऊबंदांत वाटणी झाली, वाटणीनंतर वाद झाला, वादानंतर विक्री. आता रस्त्याच्या बाजूला पत्रे ठोकलेले, आत अर्धी भिंत, जोते आणि तोंडावर लोखंडी जाळी टाकलेली विहीर. रखवालदाराने आजींचे वय पाहून दार उघडले. आत मे महिन्याची धूळ. आघाड्याच्या वाळक्या काटक्या, एक शेणी रंगाची रुई, ढिगाऱ्यातून डोके काढलेला पिंपळ. आणि परसाच्या कोपऱ्यात बकुळ, चांगली दुमजली उंच. आजी तिच्या बुंध्याला हात लावून उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, “इथे धुण्याचा दगड होता रे. इथे माका येतो, पाऊस पडल्यावर येऊन बघ.”

रखवालदाराला विचारून आम्ही बकुळीची पडलेली फळे वेचली. त्यांच्या बिया आता सात घरांच्या बाल्कन्यांत तेलाच्या रिकाम्या डब्यांत रुजत आहेत. बकूळ फार हळू वाढते, त्यामुळे त्या रोपांना फुले येतील तेव्हा आमच्यातले कोण असेल ते गणपतीला ठाऊक. एक कोरी वहीही घातली आहे. प्रत्येकाने आपल्या जुन्या घराच्या परसात काय होते, कुठे होते, कोणी लावले, हे आठवेल तसे लिहायचे. आत्तापर्यंत जे लिहून आले त्यात एक मौज दिसली. पुरुषांना आंबा, चिंच, बोर एवढेच आठवते, म्हणजे जे चोरून खाल्ले ते. अबोली कुठल्या कोपऱ्यात होती, मरवा कोणाकडून आणला होता, शमीची फांदी दसऱ्याला कोण मागायला यायचे, हे सगळे बायकांनी लिहिले आहे.

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच त्या वाड्याच्या जागी गेलो. पत्रे तसेच होते, रखवालदार तोच होता. आत कमरेइतके हिरवे माजले होते. आघाडा तुऱ्यांना आला होता, धोत्रा फुलला होता, भिंतीच्या चिरेत डोरली होती. आजींनी दाखवलेल्या जागी, जिथे दगडाचे चिन्हही नाही, तिथे माक्याची पांढरी बारीक फुले होती. विष्णुक्रांता शोधायला गुडघ्यांवर बसावे लागले. ती निळी टिकली जोत्याच्या फटीत सापडली. मोजली तर पत्रीतली अकरा एकाच जागी निघाली. काम दिवाळीनंतर सुरू होणार असल्याचे रखवालदार म्हणाला.

म्हणजे यंदाची पत्री तिथूनच आणता येईल. त्याची परवानगी घेतली आहे. उरलेल्यांपैकी बेल, डाळिंब, जाई, तुळस आणि कण्हेर सभासदांच्या घरी आहेत, देवदाराची सोय झाली आहे. शमी, केवडा, अगस्ती आणि मरवा ज्यांच्याकडे असेल त्यांनी चतुर्थीच्या आदल्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत कार्यालयात आणून द्यावे. पाने देठासकट आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली असावीत. वही तिथेच टेबलावर ठेवली आहे.